‘एंटर’ दाबण्यापूर्वी

संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकू पाहणाऱ्यांना पहिले धडे देणे हे माझे काम. माझ्याकडे बारावीची मुले येतात, बी.सी.ए.चे विद्यार्थी येतात आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातवाला सोडायला म्हणून आले ते शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःच शिकू लागले. या सगळ्यांची पहिली गाठ पडते ती एका काळ्या पडद्याशी. त्याला टर्मिनल म्हणतात, कमांड लाइनही म्हणतात. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक लुकलुकणारी रेघ असते. आपण शब्द टाइप करायचे, ‘एंटर’ची कळ दाबायची आणि संगणक ते काम करतो.

आज मला बोलायचे आहे ते ही कळ दाबण्यापूर्वीच्या दहा सेकंदांविषयी. प्रोग्रॅम कसा लिहावा हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पण ते काम सुरू करण्याआधी संगणकाची मांडामांड करावी लागते, काही साधने आणून बसवावी लागतात. नेमक्या त्याच वेळी नवशिक्याला काहीच कळत नसते आणि त्याच वेळी त्याच्या हाती सर्वांत धारदार आज्ञा दिल्या जातात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या वर्गात जे घडले त्यावरून सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाईजवळच्या एका गावातला मुलगा माझ्याकडे यायचा. हुशार आणि जरा घाईचा. जुना लॅपटॉप विकत घेऊन त्यावर त्याने उबुंटू ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली होती. एका रविवारी मी फळ्यावर एक आज्ञा लिहिली. ‘प्रयोग’ नावाच्या फोल्डरमध्ये सरावाच्या फायलींचा पसारा झाला होता, तो साफ करण्याची ती आज्ञा. पुसून टाकण्याच्या आज्ञेचे नाव ‘आरएम’. तिच्या पुढे ‘आर’ लावले की आतल्या फोल्डरांसकट आणि ‘एफ’ लावले की काही न विचारता, असा अर्थ होतो. मग फोल्डरचे नाव, एक तिरपी रेघ आणि चांदणीचे चिन्ह. चांदणी म्हणजे ‘इथले सगळे’.

मुलाने घरी जाऊन ती आज्ञा टाइप केली. पण तिरपी रेघ आणि चांदणी यांच्यामध्ये एक मोकळी जागा सुटली. बस्स, एवढेच. आपल्या दृष्टीने ती मोकळी जागा म्हणजे काहीच नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्या एका जागेने वाक्याची दोन वाक्ये झाली : ‘प्रयोग’ पुसून टाक, आणि मी आत्ता जिथे उभा आहे तिथले सगळे पुसून टाक. तो उभा होता आपल्या मुख्य फोल्डरमध्ये. अभ्यास, फोटो, गाणी सगळे तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. ‘‘मॅडम, लॅपटॉप रिकामा दिसतोय.’’ अभ्यासाचे काय गेले ते त्याने सांगितले आणि मग बराच वेळ गप्प राहिला. त्या लॅपटॉपवर त्याच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. अकरा ध्वनिमुद्रणे. त्याने स्वतःच मोबाइलवर केलेली आणि मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपवर आणून ठेवलेली. आजी आदल्या वर्षी गेली होती.

ती आज्ञा माझ्या हस्ताक्षरात फळ्यावर होती. ती बिनचूक होती हे खरे. पण पुसायला शिकवण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहायला मी त्याला शिकवले नव्हते.

आपण विचाराल, संगणकाने निदान विचारायचे तरी! आपल्या नेहमीच्या वापरात फाईल पुसली की ती आधी कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून परत काढता येते. टर्मिनलमधल्या ‘आरएम’ला असा डबाच नाही. विंडोजच्या काळ्या पडद्यावरून पुसलेल्या फायलीही त्या डब्यात न जाता थेट जातात. शिवाय आजच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. पुसलेली जागा ती आतल्या आत मोकळी करून टाकते. त्यामुळे तज्ज्ञाकडे नेऊनही हाती काही लागण्याची आशा फार थोडी.

हा तुसडेपणा कुठून आला, याचेही कारण आहे. ज्या युनिक्स प्रणालीपासून ही परंपरा चालत आली, ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवली. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे टंकयंत्रासारखे धूड होते, ते सेकंदाला सुमारे दहा अक्षरे कागदावर खडखडाट करत छापायचे. म्हणून आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या झाल्या आणि काम बिनबोभाट झाले तर यंत्राने गप्प बसावे असा रिवाज पडला. वापरणारे सगळे जाणकारच होते. आज तीच आज्ञा, तोच मौनाचा रिवाज, सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती आला आहे.

बरे, जाणकारांच्या हातूनही हे घडते. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी मुलांबरोबर पाहिला असेल. तो १९९९ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी, काम चालू असताना, पिक्सार कंपनीत कुणाकडून तरी हीच ‘आरएम’ आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग संगणकावरून पुसला गेला. राखीव प्रती ठेवण्याची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नाही हे त्या दिवशी कळले. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शक बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून कार्यालयात आणला गेला. त्या एका प्रतीने चित्रपट वाचला.

माझ्या विद्यार्थ्यासारखीच, एका मोकळ्या जागेची चूक २०११ मध्ये ‘बंबलबी’ नावाच्या लिनक्सवरच्या एका साधनात झाली होती. ते बसवण्यासाठी जी आज्ञांची यादी दिली होती, तिच्यात एका लांबलचक पत्त्याच्या मध्येच एक मोकळी जागा पडली. परिणाम असा की ते साधन बसवणाऱ्यांच्या संगणकावरचा ‘यूएसआर’ हा फोल्डरच पुसला जाऊ लागला. बहुतेक सगळी कार्यसाधने त्या फोल्डरमध्ये असतात.

म्हणून सवयी. बुद्धी दमते, घाई करते, रात्री अकराला पेंगते. सवय मात्र हाताला लागलेली असते. घाटातल्या वळणावर ‘अति घाई संकटात नेई’ असा फलक असतो, तो वाचून गाडी आपोआप हळू होत नाही. पाय ब्रेकवर जावा लागतो. तशा पाच सवयी मी आता पहिल्या दिवसापासून लावते.

मी कुठे आहे?

पहिली सवय, आपण कुठे उभे आहोत हे विचारणे. त्यासाठीची आज्ञा आहे ‘पीडब्ल्यूडी’. हे नाव घेतले की वर्गात हमखास हशा पिकतो, कारण आपल्याला सार्वजनिक बांधकाम खाते आठवते. इथे तिचा अर्थ, ‘मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते दाखव’. पाठोपाठ ‘एलएस’, म्हणजे ‘इथे काय काय आहे त्याची यादी दे’. या दोन्ही आज्ञा निरुपद्रवी आहेत. दिवसातून शंभर वेळा दिल्या तरी काही बिघडत नाही.

काहीही पुसण्यापूर्वी मी मुलांना एक युक्ती करायला लावते. जी आज्ञा द्यायची ती आधी ‘आरएम’च्या जागी ‘एलएस’ घालून द्यायची. चांदणी तीच, फोल्डर तोच. पडद्यावर जी यादी येईल, साधारण तेच पुसले जाणार आहे. त्या दिवशी त्या मुलाने हे केले असते, तर यादीत ‘गाणी’ हा फोल्डर दिसला असता आणि त्याचा हात थांबला असता. ‘एफ’ हे ‘विचारू नकोस’ सांगणारे अक्षर नवशिक्याने वापरूच नये. त्याऐवजी ‘आय’ लावले, तर संगणक प्रत्येक वेळी विचारतो, हे पुसू का?

सरावासाठी एक वेगळा फोल्डर करावा आणि टर्मिनल उघडले की आधी त्यात जाऊन मग कामाला लागावे. फायलींच्या नावांत मोकळी जागा ठेवू नये. नाव पूर्ण टाइप करण्याऐवजी दोन-तीन अक्षरे टाइप करून ‘टॅब’ची कळ दाबावी, उरलेले नाव संगणक स्वतः पुरे करतो, त्यात चूक होत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या लिनक्समधून ‘एमएनटी’ नावाच्या फोल्डरच्या वाटेने तुमची विंडोजची खरी ‘सी’ ड्राइव्हच उघडते. तिथे पुसलेले खरोखरच पुसले जाते.

‘कुठे’ या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कोणत्या यंत्रावर? ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता दुय्यम संगणकावरची माहिती साफ करायला निघाला आणि ती आज्ञा मुख्य संगणकावर दिली गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, त्याने ती थांबवली. पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. राखीव प्रतींच्या एकाहून अधिक व्यवस्था कागदावर होत्या, त्या ऐन वेळी उपयोगी पडल्या नाहीत. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. कंपनीने हे सगळे लपवले नाही, जाहीरपणे मांडले. नंतर ठरवलेल्या सुधारणांत एक अगदी साधी होती. कोणत्या यंत्रावर आपण आहोत ते लुकलुकत्या रेघेच्या आधीच्या मजकुरातच ठळक दिसावे, ही ती सुधारणा.

मी कोण आहे?

दुसरा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, कोऽहम्? संगणकावर त्याचे उत्तर सोपे आहे. ‘हूअ‍ॅमआय’ अशी आज्ञाच आहे. ती दिली की संगणक तुमचे नाव सांगतो. ते नाव ‘रूट’ असे आले, तर सावध व्हावे. रूट म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी. त्याला कुठलेही दार बंद नाही. साध्या वापरकर्त्याच्या रेघेआधी बहुधा डॉलरचे किंवा टक्क्याचे चिन्ह असते, रूटच्या रेघेआधी उभ्या-आडव्या दोन-दोन रेघांची जाळी असते. पुस्तकातल्या आज्ञेआधी ती जाळी छापलेली दिसली, तर ती आज्ञा सर्वाधिकाऱ्यासाठी आहे असे समजावे.

साध्या वापरकर्त्याला तेवढ्यापुरते हे अधिकार देणारी आज्ञा म्हणजे ‘सुडो’. ती १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात तयार झाली. अनेक संगणकांवर ती पहिल्यांदा वापरताना छोटासा उपदेश पडद्यावर येतो. दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा आणि अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी, असे त्याचे सार आहे. लोक तो न वाचता पुढे जातात.

नवशिक्याचा अनुभव असा असतो. तो काही बसवायला जातो, पडद्यावर ‘परवानगी नाही’ असे येते. शेजारचा मित्र सांगतो, ‘‘अरे, पुढे सुडो लाव, होतंय.’’ आणि खरोखर होते! तेव्हापासून तो प्रत्येक आज्ञेपुढे सुडो लावू लागतो. दाराशी उभ्या असलेल्या राखणदाराने ‘कुठे निघालात?’ विचारले की त्यालाच सुट्टी देण्यातला हा प्रकार. ‘परवानगी नाही’ हा संदेश बहुतेक वेळा तुमच्या बाजूचा असतो. तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात किंवा चुकीच्या पद्धतीने बसवत आहात, एवढेच तो सांगत असतो. तीच गोष्ट ‘सातशे सत्त्याहत्तर’ या आकड्याची. अडचण आली की फाईलला हा आकडा लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा अर्थ, त्या संगणकावरच्या कुणीही ही फाईल वाचावी, बदलावी आणि चालवावी. घराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवावे, तसे हे आहे.

हे शब्द कुणाचे?

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची आणि ती प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. न समजलेली आज्ञा चिकटवू नये.

शिकताना आपण इंटरनेटवरून आज्ञा उचलतो आणि टर्मिनलमध्ये चिकटवतो. सगळेच करतात, मीही करते. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. डोळ्यांना जे दिसते तेच कॉपी होते असे नाही. दुष्ट हेतूने बनवलेले पान दाखवते एक आणि कॉपी करायला देते दुसरेच. आणि चिकटवलेल्या मजकुराच्या शेवटी ओळ संपल्याची खूण असेल, तर काही टर्मिनलमध्ये ‘एंटर’ न दाबताही आज्ञा चालू होते. म्हणून आधी नोटपॅडसारख्या साध्या ठिकाणी चिकटवावे, वाचावे आणि मगच पुढे न्यावे.

अनेक साधने बसवण्यासाठी एकाच ओळीची आज्ञा देतात. ती अमुक पत्त्यावरून आज्ञांची यादी आणते आणि न दाखवता थेट चालवते. पुढे सुडो असेल तर सर्वाधिकाऱ्याच्या नावाने. हे म्हणजे कोऱ्या कागदावर सही. देणारा प्रामाणिक असेलही. पण यादी आधी फायलीत उतरवून घ्यावी, नजरेखालून घालावी आणि मग चालवावी. सगळे कळले नाही तरी ‘आरएम’ आणि ‘सुडो’ हे शब्द कुठे आले ते तरी दिसते.

आता घरातल्या सर्वांसाठी. २०२४ पासून एक फसवणूक जगभर मोठ्या प्रमाणावर पसरली. एखादे पान उघडले की ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. नेहमीसारखी खूण करायला गेलात, की सूचना येते : विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ दाबा, मग ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’ दाबा, मग ‘एंटर’ दाबा. या तीन पायऱ्यांत तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा आपल्या संगणकाला देता. ती पानाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. मग ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड परक्याच्या हाती जाऊ शकतात. लक्षात ठेवा, माणूस असल्याची खात्री करायला कुठल्याही खऱ्या संकेतस्थळाला तुमच्या संगणकावर आज्ञा चालवावी लागत नाही. अशी सूचना दिसली की ते पान बंद करावे.

हल्ली मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला विचारून आज्ञा घेतात. तो चांगले समजावून सांगतो. पण कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव ठामपणे सुचवतो. पॅकेज म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्याला आयता वापरता येणारा प्रोग्रॅमचा संच. नावाशी मिळतेजुळते खोटे पॅकेज मांडून बसणारे लोक असतात. २०१७ मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली आडवी रेघ वगळून कुणीतरी नकली पॅकेज ठेवले होते. ते बसवताक्षणी संगणकाच्या सेटिंगमधली माहिती, त्यात गुप्त किल्ल्या असतील तर त्याही, बाहेर पाठवल्या जात. म्हणून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि मदतनिसाला उलट विचारावे, ‘यातला प्रत्येक शब्द काय करतो?’ त्याच्या उत्तराची खातरजमा त्या आज्ञेच्या स्वतःच्या माहितीपत्रकातून करावी. ‘मॅन’ ही आज्ञा ते माहितीपत्रक समोर आणते.

वेगळी बरणी

चौथी सवय आपल्या घरातल्या बायकांना समजावून सांगावी लागणार नाही. वर्षाचे लोणचे मोठ्या बरणीत असते. रोज त्यात चमचा घालत नाहीत. आठवड्यापुरते छोट्या बरणीत काढून घेतात. छोट्या बरणीत कुणी ओला चमचा घातलाच, तर तेवढेच वाया जाते.

पायथॉन ही भाषा शिकणाऱ्याच्या लिनक्स संगणकावर बहुधा पायथॉन आधीपासूनच असते. ते प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी असते. ती मोठी बरणी. आपण शिकताना दहा पॅकेजे आणतो, बदलतो, टाकतो. ते सगळे मोठ्या बरणीत केले, तर प्रणालीची स्वतःची साधने बिघडू शकतात. त्यासाठी ‘व्हीएन्व्ह’ नावाची सोय २०१२ पासून पायथॉनमध्येच आहे. प्रत्येक कामासाठी छोटी वेगळी बरणी करायची आणि पॅकेजे तिच्यात बसवायची. बिघडले तर ती टाकून दुसरी करायची.

२०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तर मोठ्या बरणीत हात घालू गेले की प्रणालीच अडवते आणि वेगळी जागा करा असे सांगते. तरीही पुढे रेटण्यासाठी एक पर्याय ठेवला आहे. त्याच्या नावाचाच अर्थ ‘प्रणालीची पॅकेजे मोडा’ असा आहे! यापेक्षा स्पष्ट इशारा कुणी काय द्यायचा? तरी मुले तोही लावतात, कारण कुणीतरी सांगितलेले असते, ‘हे लाव, होतंय.’

दुसरी प्रत

पाचवी सवय प्रतीची. सेटिंगच्या फायलीत एक ओळ बदलायची असली, तरी आधी तिची प्रत करून ठेवावी. काम बिघडले की जुनी फाईल परत जागेवर ठेवता येते. लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी ‘गिट’ वापरावे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे साधन प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते. पण ती नोंद त्याच लॅपटॉपवर असेल आणि तो फोल्डरच पुसला गेला, तर नोंदही जाते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी आणि ती उघडते का, हे महिन्यातून एकदा पाहावे. पिक्सार आणि गिटलॅब या दोन्ही ठिकाणी प्रतींची व्यवस्था होती. ती चालते का, हे कुणी वेळेवर पाहिले नव्हते.

उलट, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या यांच्या प्रती मात्र भलत्या ठिकाणी जाऊ देऊ नयेत. आज्ञेच्या ओळीत पासवर्ड टाइप केला, तर तो आज्ञांच्या इतिहासाच्या फायलीत साध्या अक्षरांत राहू शकतो. गिटमध्ये एकदा नोंदलेली किल्ली नंतर पुसली, तरी जुन्या नोंदीत ती तशीच राहते. ती चुकून बाहेर गेली, तर पुसत बसण्यापेक्षा किल्लीच बदलावी.

या पाचही सवयींना बांधणारा धागा म्हणजे दोनशे पानी वही. माझ्या वर्गात प्रत्येकाकडे ती असते. तारीख, संगणकावर काय बसवले, कोणत्या आज्ञेने, ती आज्ञा कुठून घेतली आणि ते काढायचे कसे, हे सगळे हाताने लिहायचे. हाताने लिहिताना घाई आपोआप कमी होते. सहा महिन्यांनी काही बिघडले, की कारण बहुधा वहीत सापडते.

हे सगळे ऐकून टर्मिनलची भीती वाटू नये. स्वयंपाकघरात विळी असते म्हणून आपण मुलांना स्वयंपाक शिकवायचे थांबवत नाही. विळी वापरून झाली की आडवी करून ठेवायची, एवढे आधी शिकवतो. पहिल्या दिवशी मी आता पुसण्याची आज्ञा शिकवतच नाही. मी कोण, मी कुठे आणि इथे काय आहे, या तीन आज्ञा आठवडाभर चालतात. बँकेतले ते गृहस्थ म्हणाले, ‘‘मॅडम, रोकड मोजल्याशिवाय आम्ही कधी सही केली नाही. हे त्यातलंच.’’

त्या मुलाच्या अकरा ध्वनिमुद्रणांपैकी तीन परत मिळाली. त्याने ती पूर्वी कधीतरी कराडच्या आत्याला मोबाइलवर पाठवली होती आणि आत्याने ती पुसली नव्हती. बाकीच्या आठांतल्या काही ओव्या आत्याला पाठ आहेत. त्याने त्या तिच्या आवाजात मुद्रित करून घेतल्या. ‘‘शब्द तेच आहेत, मॅडम,’’ एवढेच तो म्हणाला. आता त्याच्याकडे तीन ठिकाणी प्रती आहेत आणि माझ्या वर्गात नव्या मुलांना तोच पहिला धडा देतो.

आपल्या घरात कुणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल आणि आपल्याला त्यातले ओ की ठो कळत नसेल, तरी एक प्रश्न आपल्याला नक्की विचारता येईल. आज जेवताना विचारा, ‘‘दुसरी प्रत कुठे ठेवली आहेस?’’ उत्तर चटकन आले नाही, तर जेवण झाल्यावर पहिले काम ते करायला सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)